दर गणपतीत ऑर्किडच्या कळ्या गळतात, डीजेमुळे का? (माझं उत्तर: थोडं हो, बरंचसं नाही)

आधी प्रॉब्लेम सांगते. पुण्यात टिळक रोडच्या जवळ दुसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरी रस्त्याकडे, गॅलरीला बॉक्स ग्रिल आणि त्यात माझी झाडं. तीन फॅलेनॉप्सिस (यापुढे फॅल म्हणणारे, एवढं मोठं नाव दरवेळी कोण टाइप करणार) आणि चार डेंड्रोबियम, दोन्ही ऑर्किडच. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री गार असतात, 21-22 डिग्रीपर्यंत उतरतं, त्यामुळे फॅलला जुलैत फुलांचा दांडा येतो आणि बरोब्बर गणपतीच्या तोंडावर कळ्या टपोऱ्या होतात. आणि मग गणपती बसले की आठवड्याभरात त्या पिवळ्या पडून टपाटप गळतात. 2022 ला झालं, 2023 ला झालं, कळ्या मोजून ठेवल्या होत्या, एका दांड्यावर नऊ, त्यातल्या दोन उमलल्या.

साहजिकच मी डीजेवर खापर फोडलं. आमच्या इथे महिनाभर आधीपासून संध्याकाळी ढोल-ताशाची प्रॅक्टिस ऐकू येते, मग दहा दिवस मंडळाचे स्पीकर आणि विसर्जनाला तर 24 तासांच्या वर मिरवणूक खालून चाललेली असते, काचा थरथरतात, छातीत धडधडतं, माणसाची ही गत तर त्या नाजूक फुलाचं काय होणार. फोनवर आवाज मोजायचं अॅप टाकलं तर गॅलरीत 95 च्या वर जात होतं. रहिवासी भागात कायद्याने दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल एवढीच मुभा आहे, म्हणजे चिडायला कारण होतंच. पण चिडणं वेगळं आणि झाडाचं निदान वेगळं, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

कसं कळलं ते ऐका. सासूबाईंना जुन्या गौरींचे फोटो हवे होते म्हणून फोन चाळत होते आणि 2021 चे फोटो लागले. 10 सप्टेंबरला गणपती बसले त्या दिवशीच्या फोटोत मखराच्या शेजारी माझं जांभळं फॅल, कळ्यांनी भरलेलं. गौरी जेवल्या त्या दिवशीच्या फोटोत तेच झाड, दांड्यावर फक्त एक फूल आणि खाली एक बोडका शेंडा. आणि 2021 ला काय होतं? कोरोना! ना मिरवणूक, ना डीजे, ना ढोल, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अख्ख्या पुण्यात शांतता आणि माझ्या कळ्या तरीही गळाल्या. फोटो बघून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. म्हणजे चोर घरातच होता की.

मग 2024 ला (7 सप्टेंबरला गणपती होते) मी ठरवून एक फॅल नेहमीसारखं हॉलमध्ये मखराजवळ ठेवलं, एक गॅलरीतच ग्रिलवर ठेवलं, भर आवाजात, आणि तिसरं मागच्या बेडरूमच्या खिडकीत, जिथे आवाज कमी पण येतोच. तिन्हीला कळ्या होत्या. फार शास्त्रीय प्रयोग नाहीये हा, तीनच झाडं आहेत, पण घरच्या घरी एवढंच जमतं. हॉलमधलं झाड सहाव्या दिवशी रडायला लागलं, सातपैकी पाच कळ्या गेल्या. बेडरूमवाल्याची एक गेली, तीही टोकाची बारकी, तशी एखादी कधीही जाते. आणि गॅलरीतलं, जे स्पीकरच्या थेट समोर होतं, त्याची एकही कळी गळाली नाही. एकही नाही! (त्याला दुसरा त्रास झाला, तो पुढे सांगते, डीजेला क्लीन चिट देत नाहीये मी.)

तर हॉलमध्ये काय होतं. पहिला संशयित म्हणजे फळं. मखरासमोर पाच फळांची ताटली, शेजारी केळ्यांचा घड, येणारा प्रत्येक पाहुणा अजून सफरचंद नाहीतर केळी घेऊन येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये पिकल्या फळांचा वास भरलेला असतो. पिकणारं फळ इथिलीन नावाचा गॅस सोडतं. आपण आंब्याची आढी लावतो ना, त्यात एक आंबा पिकला की तो बाकीच्यांना पिकवतो, ते याच गॅसमुळे. फळाला जो गॅस सांगतो की आता पिक, तोच फुलाला आणि कळीला सांगतो की आता गळ. फॅल आणि डेंड्रोबियम दोन्ही याबाबतीत भयंकर हळवी आहेत, अगदी नखभर गॅस पुरतो.

दुसरा संशयित धूर. उदबत्ती, धूप, कापूर, निरांजन, दोन वेळा आरती आणि सासूबाईंचा धूप म्हणजे विचारूच नका, फायर ब्रिगेड यायची बाकी. धुरातही इथिलीन असतं. पूर्वी केळ्यांना धुरी देऊन पिकवायचे, आठवतंय का, बंद खोलीत धूर कोंडायचे, तेच तर होतंय आमच्या हॉलमध्ये! कारण तिसरी गोष्ट, आणि इथे डीजे पुन्हा येतो पण मागच्या दाराने: आवाज नको म्हणून आपण सगळ्या खिडक्या घट्ट लावून बसतो. हवा खेळत नाही, गॅस आणि धूर आतच, वर पडदे ओढलेले म्हणजे उजेडही गेला. गॅलरीतल्या झाडाला आवाज होता पण वारा होता. हॉलमधल्याला आवाज कमी होता पण ते केळ्यांसोबत कोंडलं होतं.

चौथी गोष्ट म्हणजे मुळात झाड हलवणं. कळ्या भरलेल्या असताना जागा बदलली, उजेडाची दिशा बदलली, वर मखराच्या फोकस लाइटची धग, की फॅल रुसतं. आणि पाचवी, लाजत कबूल करते, त्या दहा दिवसांत पाणी घालायला कोणाला आठवतं. किंवा उलटं, तीन जणं येता-जाता तांब्याभर ओततात, पुण्य म्हणून.

हे सगळं एकदम होतं म्हणून नुसतं एकावर बोट ठेवता येत नाही, पण गळणाऱ्या कळ्या बघून बराच अंदाज येतो. माझ्या बघण्यातलं सांगते. सगळ्या कळ्या दोन-तीन दिवसांत एकदम पिवळ्या पडल्या, उमललेली फुलंही एका रात्रीत मिटून पातळ कागदासारखी झाली तर गॅस-धुराकडे बघा. टोकाच्या बारक्या कळ्या आधी सुकून जात असतील आणि मोठ्या टिकत असतील तर उजेड किंवा पाणी कमी पडतंय. कळीवर तपकिरी ओरखडे, वाकडीतिकडी उमलतेय तर फुलकिडे, कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक काड्यांसारखं काहीतरी पळताना दिसेल. आणि पानंच लुळी पडली असतील, कुंडीतून कुबट वास येत असेल तर कळ्या विसरा, मुळं कुजलीयेत, झाड काढून कुजकी मुळं कापून नारळाच्या सोडणाच्या नवीन तुकड्यांत लावा आणि या वर्षीच्या फुलांची आशा सोडा. चांगलं मूळ ओलं असताना हिरवं आणि कोरडं झालं की चांदीसारखं दिसतं, हाताला टणक लागतं, हे एकदा ओळखायला शिकलात की अर्धं ऑर्किड जमलं.

आता आवाजाकडे येते, कारण शीर्षकात डीजे घातलाय.

आमच्या ह्यांनी (इंजिनियर माणूस, त्यामुळे गणित करून दाखवल्याशिवाय राहवत नाही) मला कागदावर मांडून दाखवलं. 100 डेसिबल म्हणजे कान फुटायची वेळ, पण त्या आवाजाचा हवेतला दाब साधारण 2 पास्कल. ताशी 10-11 किलोमीटरचा वारा, म्हणजे चांगला फिरणारा टेबलफॅन समोर धरा, त्याचा पानावर दाब 5 पास्कलच्या आसपास. म्हणजे पानाला डीजेपेक्षा फॅन जास्त ढकलतो! आपले कान बारीकशा दाबाला तडफडतील असे बनलेत, पानाला तसला पडदाच नाही. मी म्हटलं मग काचा का थरथरतात, तर म्हणे काच मोठी आहे ना, एक चौरस मीटरच्या काचेवर तोच 2 पास्कल म्हणजे 200 ग्रॅमचं वजन, ते बासच्या आवाजात सेकंदाला 50-60 वेळा पुढे-मागे ढकलतंय. मोठ्या सपाट वस्तू हलतात. काच, दार, ग्रिलचा पत्रा.

आणि ग्रिलच्या पत्र्यावर काय असतं? कुंड्या.

हा मुद्दा मला खरा सापडला तो गॅलरीतल्या झाडावर. कळ्या टिकल्या म्हणून खूश होते, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जवळ जाऊन बघितलं तर कुंडी ट्रेमध्ये चार बोटं सरकलेली, कोळसा आणि नारळाचे तुकडे खाली बसून वर दोन बोटं रिकामं झालेलं, झाड धरून हलवलं तर सैल दातासारखं डुगडुगतंय. कुंडीबाहेर आलेल्या दोन नव्या मुळांची हिरवी टोकं कुंडीच्या कडेला घासून तपकिरी झालेली. टोक मेलं की ते मूळ पुढे वाढत नाही, बाजूने फुटलं तर फुटलं. आणि सैल झाड नवीन मुळं धरत नाही, कारण मूळ तुकड्याला चिकटायला जातं तोवर झाड हलतं, चिकटलेलं सुटतं. ऑर्किड, म्हणजे आपली आमरी, जंगलात झाडाच्या फांदीला घट्ट मिठी मारून बसलेली असते. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी बघा, पावसाळ्याच्या तोंडावर आंब्या-जांभळाच्या फांदीवरून फुलांचे घोस लोंबतात, वादळ आलं तरी फांदीसकट झुलते पण फांदीवरून हलत नाही. तिला वारा चालतो. पायाखालची जमीन हललेली चालत नाही. त्या वर्षी त्या फॅलने कळ्या दिल्या पण पुढचे सहा महिने एकही नवीन पान दिलं नाही, म्हणजे नुकसान झालंच, फक्त उशिरा दिसलं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात बघून "काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारीत परत बघावं.

तुमच्याकडे थरथर किती येते ते बघायला सोपी युक्ती आहे. स्टीलच्या वाटीत पाणी भरून कुंडीच्या जागी ठेवा आणि वरून तिरकं बघा. पाणी स्थिर तर काळजी नको, बारीक गोल रेघा उठत असतील तर कुंडी हलतेय. फोनमध्ये हालचाल मोजायची फुकट अॅप्स असतात, फोन तिथेच ठेवून आलेखही बघता येतो, पण वाटी पुरते. मी घरभर वाटी घेऊन फिरले (सासूबाईंना वाटलं तीर्थ शिंपडतेय). ग्रिलच्या पत्र्याच्या मध्यावर पाणी नाचत होतं, गॅलरीच्या फरशीवर अगदी किंचित, आणि पिलरला लागून कोपऱ्यात जवळपास शांत. एकाच गॅलरीत तीन फुटांवर एवढा फरक!

उपाय सगळे यातूनच निघाले. झाड डुगडुगत असेल तर आधी तुकडे भरून घट्ट करा, बांबूची काडी कुंडीच्या दोन कडांत आडवी अडकवून झाड तिला मऊ सुतळीने बांधा, दांड्याला वेगळी काडी आणि क्लिप. झाड धरून उचललं तर कुंडी सकट उचललं गेलं पाहिजे, एवढं पक्कं. कुंडीखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा दुहेरी घडी करून, ट्रेच्या खाली एक आणि कुंडीच्या खाली एक. प्लास्टिकची हलकी कुंडी असेल तर ती जड मातीच्या कुंडीत बसवा, भोकं बंद होऊ देऊ नका. ग्रिलवरचं ऑर्किड विसर्जनाच्या आदल्या दिवशी गॅलरीतल्याच पिलरच्या कोपऱ्यात, उजेडाची बाजू तीच ठेवून, खाली घ्या. कुंडीवर पेनाने खूण करून ठेवा, कुठली बाजू बाहेर होती त्याची, म्हणजे परत ठेवताना फिरणार नाही. एवढ्याशा हलवण्याने फॅल रुसत नाही, हॉलच्या अंधारात नेण्याने रुसतं. आणि स्पीकर समोर लागणार असं आधीच कळलं तर दांडा बोटभर असतानाच जागा ठरवा, कळ्या भरल्यावर नको.

हॉलसाठी माझा तह झालाय सासूबाईंशी. त्यांचं म्हणणं होतं "अगं, घरात एवढं फुललेलं असताना बाप्पापाशी नको का?" ते पटतं मला, म्हणून आता आरतीच्या वेळेपुरतं तासभर झाड आत आणते तेही पूर्ण उमललेलं असेल तर, कळ्यांचं नाही, आणि फळांची ताटली रात्री स्वयंपाकघरात जाते, केळी तर डब्यात. डीजेच्या वेळात पुढच्या खिडक्या बंद पण मागची उघडी आणि एक्झॉस्ट फॅन चालू. 2025 ला (27 ऑगस्टला बसले) हे सगळं केलं, तीन फॅल मिळून बावीस कळ्यांपैकी अठरा उमलल्या. डेंड्रोबियमचं मला अजून नीट जमलेलं नाही, त्यांच्या टोकाच्या कळ्या जातातच, पण मला वाटतं ते पाऊस थेट अंगावर येतो म्हणून.

आता "झाडांना शास्त्रीय संगीत आवडतं आणि डीजे आवडत नाही" याबद्दल, कारण हे मला किमान चार जणांनी सांगितलं, एका मावशींनी तर सकाळी सनई लावायला सांगितली. हे कुठून आलं माहितीये? तमिळनाडूतल्या अण्णामलाई विद्यापीठात टी. सी. सिंग नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी 1950-60 च्या दशकात झाडांना कर्नाटकी संगीत ऐकवायचे प्रयोग केले, त्यात तेरड्याची झाडं होती (तेरडा! आपल्या गौरीचा तेरडा! त्याला आरत्या ऐकायची सवय पिढ्यानपिढ्या आहे, त्यामुळे तो मोजू नये). मग अमेरिकेत 1973 मध्ये डोरोथी रिटॅलॅक यांनी लिहिलं की झाडं सौम्य संगीताकडे झुकतात आणि रॉकपासून लांब पळतात. ऐकायला गोड आहे, पण त्यात झाडं कमी होती आणि पाणी, उजेड, ओलावा सगळीकडे सारखा ठेवलाय याची खात्री नव्हती, म्हणजे माझ्या तीन फॅलसारखंच, फक्त त्यांचं जगभर गाजलं. आवडनिवड वगैरे मला तरी पटत नाही.

पण झाडं अगदी ठार बहिरी आहेत असंही नाही हां. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाला अळीच्या पान कुरतडण्याची थरथर नुसती ऐकवली, म्हणजे पानाला ती कंपनं दिली, तर नंतर खरी अळी सोडल्यावर त्या रोपांनी जास्त तिखट द्रव्य तयार केलं. आणि वाऱ्याची किंवा साध्या किड्याच्या गाण्याची कंपनं दिली तर नाही केलं! 2019 मध्ये इस्रायलच्या तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की मधमाशीचा आवाज ऐकवल्यावर एका पिवळ्या फुलाच्या मधातली साखर तीन मिनिटांत वाढते. वांग्या-टोमॅटोच्या फुलात भुंगा गुणगुणून थरथर करतो तेव्हाच पराग नीट सांडतात, हे तर शेतकऱ्याला विचारा. म्हणजे ज्या थरथरीशी पोटापाण्याचा संबंध आहे ती झाडाला कळते. डीजेच्या बासशी त्याचा काय संबंध, ते त्याच्या ओळखीत कुठेच नाही.

आणि थोडं हलणं झाडाला चांगलंच असतं. रोज हात फिरवलेली किंवा वाऱ्यात वाढलेली रोपं बुटकी पण दणकट होतात, 1973 मध्येच जाफे नावाच्या शास्त्रज्ञाने याला लांबलचक नाव दिलंय. म्हणून फॅलला हलका फॅन लावा, बिनधास्त लावा, मुळंही कोरडी राहतात. फक्त पान हलू दे, बूड नको.

शेवटचं एक, गणपती सोडून वर्षभराचं. माझ्या ठाण्याच्या ताईचं घर रेल्वे लाइनला लागून आहे, दर तीन-चार मिनिटाला लोकल, आणि तिचं डेंड्रोबियम मस्त चाललं होतं, मग अचानक झाड सैल, नवी मुळं काळी, कळ्या नाहीत. तिने लोकलला शिव्या घातल्या. मी गेले, वाटी ठेवली, लोकल गेली तरी पाणी जेमतेम हललं. मग तिने दुपारी कपडे लावले आणि वाटीतलं पाणी काठावरून सांडायला आलं. कुंडी वॉशिंग मशीनवर होती, "तिथे ऊन छान येतं गं" म्हणून. मशीन स्पिनला मिनिटाला 1000 फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा हिसके, रोज दहा मिनिटं, आणि ते थेट बुडाला. कुंडी शेजारच्या भिंतीला हुकवर टांगली, ऊन तेच. दीड महिन्याने तिने मुळाच्या हिरव्या टोकाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, मशीनवर आता मनी प्लांट ठेवलाय, त्याला काही होत नाही ना?